जिनसेंगची हौस, आस्कंदाचं बी

चेन्नईच्या मयलापूर भागात ‘नाट्टु मरुंदु’ म्हणजे गावठी औषधांची दुकानं आहेत. कचेरी रोडवरचं डब्बा चेट्टींचं दुकान तर शंभरी ओलांडलेलं. अशा दुकानात ‘अमुक्करा’ मागितलं, की पुडीत बांधून मिळतं ते आपलं आस्कंद, अर्थात अश्वगंधाचं मूळ. त्यालाच ‘भारतीय जिनसेंग’ म्हणतात आणि इथेच गफलत होते. नावाला भुलून गच्चीत खरं जिनसेंग लावणाऱ्याच्या पदरी येते रिकामी कुंडी!

असं का? जिनसेंग हे कोरिया, चीन आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड जंगलांचं झाड. फळ पिकतं तेव्हा त्याच्या बीमधला अंकुर पुरता वाढलेलाच नसतो. ओलसर वाळूत आधी ऊब आणि मग हिवाळा सोसल्यावर ते रुजतं. अमेरिकन जातीला त्यासाठी १८ ते २२ महिने लागतात. मध्येच बी सुकलं, की मेलंच! फ्रीजमध्ये थंडी दिली, तरी ४० अंशांच्या चेन्नईत रोप तगणं अवघड. तेव्हा कोरड्या पुडीतलं ‘जिनसेंगचं बी’ स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

आस्कंदाचा स्वभाव नेमका उलटा. त्याला ऊन हवं, रेताड जमीन हवी. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात त्याची मोठी शेती होते.

बी घेताना : चालू हंगामाचंच मागा. वर्ष उलटलं की उगवण झपाट्यानं घटते. घरच्या झाडाचं बी धरायचं, तर फळं लाल होऊ द्या. गर धुऊन बी सावलीत वाळवा.

साठवताना : समुद्राची दमट हवा हा बियाण्याचा वैरी. ओलावा एका टक्क्यानं उतरला, की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी घालून ती फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आत दव धरतं.

रुजवताना : आधी २० बिया ओल्या कागदात गुंडाळून पंधरा दिवस वाट पाहा. निम्म्याही उगवल्या नाहीत, तर दाट पेरा. रेती मिसळलेल्या मातीत एक सेंटीमीटर खोल बी टाका आणि पाणी बेतानंच द्या. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पाऊस. तेव्हा कुंडी आडोशाला हलवा. पाणी साचलं की रोपं मान टाकतात. सगळं जमलं, तर पाच-सहा महिन्यांत मूळ काढायला येतं.

मात्र घरचं मूळ म्हणून ते परस्पर दुधात उकळून घेऊ नका. गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे किंवा यकृताचे रुग्ण यांना ते बाधू शकतं. लावण्याची हौस आपली, घेण्याचा सल्ला मात्र वैद्यांचा!