बेटावरची मिळकत, मुलखातला खर्च

उमरठला आलेल्या पाहुण्याला तानाजी मालुसऱ्यांची समाधी दाखवून झाली की गप्पा हटकून मुंबईवर येतात. पोलादपूर तालुक्याच्या या खोऱ्यात ज्याचा एक पाय मुंबईत नव्हता असं घर विरळा. आणि त्या गप्पांत एक वाक्य ठरलेलं: ‘गावाला काय, खर्चच नाही.’ हे मला कधीच पटलेलं नाही. गावाला खर्च होता. त्याची वही मुंबईत होती, एवढंच.

मुंबई मुळात सात बेटांची. बेटावर महागाई जास्त, हा जगाचा अनुभव. लक्षद्वीप घ्या नाहीतर हवाई. साखरेपासून सिमेंटपर्यंत बरंचसं जहाजाने येणार आणि ते भाडं गिऱ्हाइकाच्या बोडक्यावर बसणार. मुंबईचं उलटं झालं. बंदर तिथेच, १८५३ पासून रेल्वे तिथेच, आणि १८९२ पासून तानसाचं पाणीही मुख्य भूमीवरून नळाने तिथे पोचलं. माल आधी मुंबईत उतरायचा, मग मुलखात जायचा. पूर्वी सावित्रीच्या खाडीतून तो महाडपर्यंत पाण्यावरून यायचा. पुढे ट्रकने यायला लागला. महाडच्या पेठेत त्यावर एक नफा चढला, पोलादपुरात दुसरा, आणि शेवटच्या टप्प्याचं भाडं वेगळंच. मीठ-तेल-बोंबील घेताना उमरठचा माणूस बेटावरचाच दर मोजत होता. पावसाळ्यात दरड आली, रस्ता तुटला, की बेटपण पुरतं.

उलट बेटावर राहणं मात्र स्वस्त पडायचं, निदान गिरणीतल्या माणसाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. त्यावर कडी म्हणजे गाळा. लालबाग-परळकडच्या एका खोलीत गावकीची पंधरा-वीस माणसं. सगळी एकाच पाळीला कधीच नसत, म्हणून मावत. ट्रंक ठेवायची तेवढी ज्याची त्याची जागा. वळकटी दिवसा खुंटीला, रात्री व्हरांड्यात नाहीतर फुटपाथवर. भाडं डोईवर वाटलं की माणशी किरकोळच. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराला. पगार होईपर्यंत उधारीवर रांधायचं, तर त्या बायकांना सावकाराचं दार. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. चाकरमान्याचं ताट कुणाच्या जिवावर स्वस्त होतं, ते यावरून कळावं.

उरलेले पैसे मनीऑर्डरने गावी. कमिशन शंभराला पाच रुपये. गावाच्या स्वस्ताईत हे पाच रुपये कोणी मोजत नाही. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळींपुरती जागा असे. लावणी झाली का, म्हस व्याली का, वाण्याचे किती द्यायचे ते द्या, बाकीचे जपून वापरा. वाचता न येणाऱ्या बाईला पोस्टमनच ते वाचून दाखवी, म्हणजे घरातली उधारी आधी त्याला कळे. सुट्टीला आलेला माणूस मुंबईला परतताना मात्र एसटीच्या टपावर तांदळाचं गाठोडं, नाचणी, कुळीथ. त्या तांदळाची मुंबईत किंमत काय झाली असती, हे त्या चार ओळींत यायचं नाही. गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या बाईची मजुरी तर कोणत्याच वहीत नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हे गणित विस्कटलं. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. गावी परतलेल्यांच्या घरात खाणारी तोंडं वाढली आणि मनीऑर्डर थांबली. ‘गावाला खर्च नाही’ या वाक्याची खरी परीक्षा त्या वर्षी झाली, आणि ते नापास झालं. घरच्या भातावर पोट भरेल, पण तेल, कापड, शाळेची वही, दवाखाना हे शेतात उगवत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या झाल्या आणि लालबाग-परळात टॉवर उभे राहू लागले. पुढच्या पिढीने बिऱ्हाडं हलवली दिवा, बदलापूर, नालासोपाऱ्याला. म्हणजे नोकरी बेटावर, घर पुन्हा मुख्य भूमीवर. घरभाडं तिकडे कमी खरं, पण उरलेलं भाडं लोकलमध्ये उभं राहून भरायचं. पगार भाडं आणि हप्ते यांतच संपतो, तर गावी काय पाठवणार?

गावचा खर्चही आता रोखीचा झाला आहे. रेशनचं धान्य २०२३ पासून फुकट, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. याने हातभार लागतो, नाही असं नाही. पण चुलीच्या जागी गॅस आला, त्याची टाकी साडेआठशेच्या पुढे, शिवाय ती वाडीपर्यंत आणायची. मोबाइलचं रिचार्ज, मुलांचा क्लास. तालुक्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतात. तानसाचं पाणी मुंबईला सव्वाशेहून अधिक वर्षांपासून नळाने मिळतं. इथे मात्र उन्हाळ्यात बाईचा अर्धा दिवस हंड्यापायी जातो. दुखणं तर सगळ्यात महाग. गोळी दोन्हीकडे छापील किमतीलाच, पण मुंबईतला रोगी बसने केईएमला जातो. इथल्याला रात्री खासगी गाडी करून महाड गाठावं लागतं, आणि तिथे भागलं नाही तर पनवेल-मुंबई. गाडीभाडं औषधाच्या बिलाला मागे टाकतं.

संपात घरी बसलेल्यांपैकी जे हयात आहेत, ते नाहीतर त्यांचे वारस, आता गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करून बसले आहेत. सरकारने त्यांना शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली आहेत, कामगाराचा हिस्सा साडेनऊ लाख. कामगार संघटना म्हणतात, मुंबईतच हवं. जुलै २०२५ मध्ये त्यासाठी आझाद मैदानात मोर्चाही झाला. शेलू कर्जत तालुक्यात आहे, म्हणजे उमरठच्याच रायगड जिल्ह्यात.