वर्दीचे वारस

मराठी बखरी आणि जुने दप्तरी कागद शिकवताना विद्यार्थ्यांना दोन शब्दांतला फरक मुद्दाम समजावून सांगावा लागतो. एक वतन आणि दुसरा सरंजाम. वतन वंशपरंपरेचे. पाटील वारला की पाटिलकी त्याच्या मुलाकडे जायची. सरंजामाचे मुळात तसे नव्हते. अमुक इतके घोडेस्वार बाळगा, हाक येताच स्वारीला हजर व्हा, आणि त्या खर्चासाठी या मुलुखाचा महसूल घ्या, असा तो रोखठोक व्यवहार होता. चाकरी संपली की सरंजाम संपला. निदान कागदावर तरी! शिवाजी महाराजांनी यातला धोका ओळखला होता. फौजेचा पगार शक्यतो रोख द्यावा, मुलुख तोडून देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंजताना खजिना रिता झाला आणि मुलुख देणे भाग पडले. पेशवाईत तर बघता बघता सरंजामाचे वतन होऊन गेले. पागेतले घोडे घटत गेले, मुलुख मात्र बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे बिनबोभाट जात राहिला.

ही हकीकत जुनी झाली असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आपल्या शेजारच्या पाकिस्तानातील एका घराण्याची तीन पिढ्यांची कथा जरूर पाहावी.

आधुनिक फौजेला एका गोष्टीचा मोठा अभिमान असतो. तिथे हुद्दा वारशाने मिळत नाही. जनरलचा मुलगा फौजेत आला तरी त्याला पहिल्या पायरीवरूनच चढावे लागते. म्हणूनच लष्करशहा सत्ता बळकावतो तेव्हा त्याचे पहिले भाषण जवळजवळ ठरलेले असते : पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी देश लुटला, आता आम्ही शिस्त आणणार. अयूबखानांच्या तोंडी हे भाषण शोभणारेही होते. हजारा भागातल्या रेहाना नावाच्या खेड्यात १९०७ साली त्यांचा जन्म झाला. वडील हॉडसन्स हॉर्स या घोडदळाच्या पलटणीत रिसालदार-मेजर. मुलगा सँडहर्स्टला शिकला आणि थेट सरसेनापती झाला. ऑक्टोबर १९५८ मध्ये त्यांनी सत्ता घेतली आणि १९५९ साली एक हुकूम काढला. ज्या पुढाऱ्यांवर गैरवर्तनाचा ठपका येईल त्यांना १९६६ अखेरपर्यंत कोणत्याही निवडणुकीला उभे राहता येणार नाही! अनेक नामांकित पुढारी त्या एका हुकमाने घरी बसले. हा हुकूम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अयूबखानांचे चिरंजीव गोहर अयूब हेही सँडहर्स्टला शिकले आणि फौजेत कॅप्टन झाले. पण वडील राष्ट्राध्यक्ष असतानाच त्यांनी वर्दी उतरवली आणि धंद्यात पाऊल टाकले. त्यांचे सासरे हबीबुल्लाखान खटक हे निवृत्त लेफ्टनंट जनरल. कराचीतला जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना १९६३ साली सासऱ्यांच्या हाती आला आणि त्याचे नाव ‘गंधार इंडस्ट्रीज’ असे झाले. जावई त्या धंद्यात होते. वडील गादीवर, सासरे कारखान्यात आणि मुलगा मधल्या दुव्यावर, अशी ती मांडणी.

यात बेकायदा काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. परदेशातून सुटे भाग आणायचे तर परवाना लागे, परकीय चलन लागे, कर्ज लागे आणि माल खपायला सरकारी मागणी लागे. या चारही किल्ल्या सरकारी साहेबांच्या कमरेला असत. अशा ठिकाणी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला चिठ्ठी पाठवावी लागत नाही की टेलिफोन करावा लागत नाही. अर्जावरचे नाव वाचताच साहेबाची लेखणी आपोआप चालू लागते. वशिल्याचा हा सर्वांत सभ्य प्रकार. यात हुकूम कोणी देत नाही, म्हणून पुरावाही कोणाला सापडत नाही.

लोकांना मात्र पुराव्याची गरज नसते. जानेवारी १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. अयूबखानांच्या विरुद्ध जीनांच्या भगिनी फातिमा जीना उभ्या होत्या. मतदार होते अवघे ८०,००० निवडक प्रतिनिधी. अयूबखान जिंकले, पण कराचीने फातिमाबाईंना कौल दिला होता. त्याच कराचीत ४ जानेवारीला गोहर अयूब यांच्या पुढारीपणाखाली विजयाची मिरवणूक निघाली. तिच्यापाठोपाठ विरोधकांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मेली. एरवी कारखानदार म्हणून ओळखला जाणारा मुलगा त्या दिवशी युवराज म्हणून लोकांना दिसला आणि ते दृश्य कराची विसरली नाही. १९६८ साली महबूब उल हक या अर्थतज्ज्ञांनी जाहीर सांगितले, की देशातला दोन-तृतीयांश उद्योग २२ घराण्यांच्या हातात आहे. हे गृहस्थ खुद्द सरकारच्या नियोजन मंडळातले! त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यार्थी रस्त्यावर आले आणि २५ मार्च १९६९ रोजी अयूबखानांना पायउतार व्हावे लागले. १९७२ साली भुट्टोंनी गंधार कारखाना सरकारजमा केला.

इथे कथा संपायला हवी होती. सरंजामाची कथा इथे संपत नाही. तो कारखाना १९९२ साली पुन्हा खटक घराण्याकडे आला. गोहर अयूब राजकारणात शिरले, हरिपूरमधून निवडून येऊ लागले, १९९० साली राष्ट्रीय सभेचे सभापती झाले. मे १९९८ मध्ये पाकिस्तानने अणुस्फोट केले तेव्हा परराष्ट्रमंत्री तेच होते. १९७९ मध्ये भुट्टोंना फासावर चढवणारे झिया उल हक १९८८ साली विमान अपघातात गेले. त्यांचे चिरंजीव इजाज उल हक बहारीनमध्ये बँकेत नोकरीला होते. ते मायदेशी परतले आणि १९९० साली निवडून येऊन मंत्री झाले. पुढे त्यांनी जो पक्ष चालवला त्याच्या नावातच कंसात ‘झिया’ आहे. पुढाऱ्यांच्या घराणेशाहीला शिव्या देत जे आले, त्यांची घराणी अशी राजकारणात रुजली.

हा केवळ पाकिस्तानचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. इंडोनेशियात जनरल सुहार्तो यांनी तीस वर्षांहून अधिक राज्य केले. त्यांच्या थोरल्या कन्येकडे टोल घेणारे रस्ते होते आणि धाकटे चिरंजीव तोमी यांच्याकडे लवंगांची मक्तेदारी होती. १९९६ साली याच चिरंजीवांच्या कंपनीला ‘राष्ट्रीय मोटार’ काढण्याचा मान मिळाला. ही राष्ट्रीय मोटार कोरियात तयार होऊन जहाजातून उतरत असे, आणि तरीही तिला आयातकर माफ होता! जपान, अमेरिका आणि युरोपने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि १९९८ साली निकाल इंडोनेशियाच्या विरुद्ध गेला. त्याच वर्षी २१ मे रोजी सुहार्तो गेले. पण २०२४ साली तिथे राष्ट्राध्यक्ष झालेले प्रबोवो हे माजी जनरल सुहार्तोंचेच माजी जावई, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या सरकारने सुहार्तोंना राष्ट्रवीर ठरवले.

आता त्या १९५९ च्या हुकमाकडे वळू. अयूबखानांचे नातू उमर अयूब हे मुशर्रफ यांच्या अमदानीत अर्थखात्याचे राज्यमंत्री होते. पुढे पक्ष बदलत ते इम्रानखानांच्या पक्षात आले आणि २०२४ साली विरोधी पक्षनेते झाले. ९ मे २०२३ रोजी इम्रानखानांच्या अटकेनंतर जमावांनी लष्करी ठिकाणांवर हल्ले केले होते. त्या दंगलीच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये फैसलाबादच्या न्यायालयाने उमर अयूब यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पाठोपाठ निवडणूक आयोगाने त्यांना अपात्र ठरवले. पाकिस्तानच्या पहिल्या फील्ड मार्शलचा नातू लष्कराविरुद्धच्या दंगलीचा गुन्हेगार ठरला! आजोबांनी पुढाऱ्यांना अपात्र ठरवण्याची वाट पाडून ठेवली होती. नातू त्याच वाटेने सभागृहाबाहेर गेला. त्याच्यावर न्याय झाला की अन्याय, हा वाद वेगळा. ज्या देशात फौजेला खटलेही आपल्या सोयीने चालवता येतात अशी लोकांची समजूत असते, तिथे खऱ्या अपराध्याची शिक्षाही संशयास्पद होते, एवढे खरे.

बापाच्या पापासाठी मुलाला सुळी द्या, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. गोहर अयूब यांना हरिपूरच्या मतदारांनी निवडून दिले होते आणि मत हे मतच असते. पण त्याच हरिपुरात एखाद्या रिसालदाराचा हुशार मुलगा असेल, अयूबखान लहानपणी होते तसाच. त्याच्यापुढे आज कोणती वाट आहे? कारखान्याचे दार नावावर उघडते, उमेदवारी नावावर मिळते, बँक नावाला पतपुरवठा करते. अयूबखान ज्या शिडीने वर आले ती शिडी त्यांच्या राजवटीने वर ओढून घेतली. माझ्या मते या साऱ्या कथेतली खरी हानी हीच आहे, आणि तिची नोंद कोणत्याही खटल्यात होत नाही.

आपल्याकडे फौजेने कधी सत्ता घेतली नाही, हे आपले भाग्य. पण नावावर उघडणारी दारे आपल्या ओळखीची नाहीत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कारखाने, बँका, शिक्षणसंस्था आणि मतदारसंघ एकाच घरात नांदताना आपणही पाहतो. सरंजाम दिला त्या दिवशी दौलतीचे बिघडत नाही. घोड्यांची मोजदाद व्हायची थांबते त्या दिवशी ते बिघडते. ती मोजदाद पूर्वी सरकारी कारकून करी. आता ती मतदाराने करायची आहे, आणि पागेत घोडे किती हे विचारताना धन्याचे आडनाव मात्र विचारायचे नाही.