जुन्या विंडोजकडे परतावे का?

माझ्या संगणकात नुकतीच विंडोज १० जाऊन ११ आली आणि माझा जुना मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम चालेनासा झाला. मुलगी म्हणाली, "अब्बा, परत दहा करून देऊ?"

मंडळी, हा परतीचा दरवाजा १० दिवसच उघडा असतो. पुढे सगळे पुसून जुनी विंडोज नव्याने बसवावी लागते. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, तो संगणक असा वाऱ्यावर सोडणे मला पटेना.

पण वीस वर्षांच्या कवितांचे काय? त्या जुन्या फाँटमध्ये आहेत. या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले होते. म्हणजे संगणकाच्या लेखी माझी गझल इंग्रजीच! फाँट नसला की पडद्यावर नुसता पालापाचोळा. युनिकोडच्या तक्त्यात मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५.

तेव्हा कविता अडकल्या होत्या त्या फाँटमध्ये, विंडोजमध्ये नव्हे. फाँटची फाइल नव्या विंडोजमध्ये बसवली आणि त्या दिसू लागल्या. आता परिवर्तक वापरून त्या युनिकोडमध्ये आणतो आहे. डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी असते, युनिकोडमध्ये नंतर; तिथे परिवर्तक घसरू शकतो. रफार गळला, तर 'अर्थ'चा 'अथ' होतो.

परतायचे नाही, असे ठरले. रोज चार कविता तपासतो. सध्या १९९८ सालापर्यंत पोचलो आहे.