इन्सुलीतलं बेट

इंग्रजी शब्दकोशात आमच्या गावाला जागा मिळाली असती, तर ते ‘इन्स्युलेटर’ आणि ‘इन्शुलिन’ यांच्या मधोमध बसलं असतं. रोमन लिपीत इन्सुलीची पहिली पाच अक्षरं लॅटिन ‘इन्सुला’चीच. इन्सुला म्हणजे बेट. गावाचं नाव तिथूनच आलं, असा दावा मी करणार नाही; गावाभिमानालाही मर्यादा हवी!

पण शब्दाचं कुळ मोठं. ‘इन्स्युलर’ म्हणजे बेटासारखा, म्हणून कूपमंडूकही. हा शब्द आपल्याकडे सहसा कुणाच्या तोंडी नसतो. स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांवरून इन्शुलिनचं नाव पडलं. गंमत आहे ती ‘आयलंड’ची. त्यातला ‘एस’ उच्चारत नाहीत, कारण तो मूळचा नव्हेच. जुन्या इंग्रजीतला तो शब्द ‘एस’विना सुखात होता. फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’च्या देखादेखी पुढे हे उपरं अक्षर त्यात घुसलं ते कायमचं. ‘आयसोलेटेड’ मात्र अस्सल इन्सुलाचा वंशज, इटालियन-फ्रेंच वाटेने आलेला.

इन्सुली तर मुंबई-गोवा महामार्गावर. गोव्याच्या बाटल्या पकडणाऱ्या नाक्यामुळे नाव झालेलं. अशा गावाला बेट कोण म्हणेल? २०२० च्या मे महिन्यात मी मुंबईहून आलो, तेव्हा हातावर शिक्का होता. चौदा दिवस शाळेच्या खोलीत. कागदावर शब्द होता ‘विलगीकरण’. आई पेजेचा डबा फाटकाशी ठेवून लांब उभी राहिली.

“वाळीत घातल्यांनी काय रे तुका?”

मी हसून ‘आयसोलेशन’ समजावू लागलो. ती ऐकत होती, पण तिचा शब्द माझ्या मनातून जाईना. बेटाभोवती पाणी असतं, त्यात कुणाचा दोष नाही. वाळीत टाकायला माणसं लागतात. तीही ओळखीची, ज्यांच्या लग्नाकार्यात आपण पंक्तीत वाढलेलं असतं. कोकणात गावकीने वाळीत टाकलेल्या घरांशी विहिरीवरचं बोलणंही बंद होई. महाराष्ट्राने त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली.

रोगाची खबरदारी वेगळी, हे मलाही कळत होतं. पंधराव्या दिवशी घरी आलो. शेजारच्या पोराचा चेंडू आमच्या अंगणात आला. तो गडग्यापाशी थांबला. मी चेंडू उचलायला वाकलो, तसा आतून त्याच्या आजीचा आवाज आला, “रवांदे तो थंयच!”

चेंडू पाऊस पडेपर्यंत अंगणात होता.