खारा वारा, मतलई वारा आणि शिडाची होडी

हौसेने शिडाची होडी हाकारणाऱ्याला दोन वेळापत्रके पाठ असावी लागतात. एक वाऱ्याचे, दुसरे पाण्याचे. होडीला इंजिन नसते, त्यामुळे निघायचे कधी, जायचे कुठपर्यंत आणि परतायचे केव्हा, हे ही दोन वेळापत्रकेच ठरवतात. मुंबई बंदरात, मांडव्याच्या बाजूला किंवा गोव्याच्या मांडवीच्या मुखाशी सुट्टीच्या दिवशी दिसणारी पांढरी शिडे याच हिशेबाने फिरत असतात.

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोजच्या कामाचे ठरतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते, तो खारा वारा. हिवाळ्यात मुंबईला सकाळी पूर्वेकडून हलकी झुळूक असते. मग तासभर वारा अगदी पडतो, शीड लुळे होते आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. दुपारी वायव्येकडून वारा धरतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. म्हणून ऑक्टोबर ते मे हा या छंदाचा हंगाम. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत मांडव्याच्या लहान फेरीबोटीसुद्धा बंद असतात, तिथे छोट्या शिडाची काय कथा!

पाण्याचे वेळापत्रक समुद्रापासून दूर असलेल्या तुळजापूरच्या माणसाला वाटते तेवढे परके नाही, कारण ते तिथीवर चालते. भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण घड्याळाशिवाय निघणाऱ्या तांडेलाला तो पिढ्यान् पिढ्या पुरला. आश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून चालत आलेले भाविक तुळजापुरात भवानीच्या दर्शनाला उभे असतात, त्या दिवशी मुंबईच्या धक्क्यांवर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास उधाणाचे पाणी चढलेले असते. अमावास्या-पौर्णिमेच्या या उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत मुंबईला चार मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास तो बराच कमी होतो. त्याला भांग म्हणतात. नवशिक्यांसाठी भांगाचे दिवस बरे. उधाणात पाणी जोराने ओढते. वाऱ्यावर ताशी तीन सागरी मैल चालणारी होडी दोन मैलांच्या ओढीविरुद्ध निघाली, तर तासाला जेमतेम एक मैल पुढे सरकते. वारा आणि ओढ समोरासमोर आली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, हेही आधीच ओळखावे लागते.

वारा पाठीमागून असला की होडी पुढे जाते, हे कुणालाही समजते. खरे कौतुक आहे ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाण्याचे. शीड म्हणजे नुसता वाऱ्याने फुगणारा पडदा नव्हे. बाक दिलेल्या शिडाच्या दोन्ही अंगांनी वारा वाहतो, फुगीर बाजूला दाब कमी होतो आणि विमानाच्या पंखासारखी ओढ तयार होते. ही ओढ बरीचशी आडवी असते. तिला होडीच्या पोटाखाली पाण्यात उतरवलेली फळी अडवते. आडवे सरकता येत नाही, म्हणून होडी पुढे निसटते. तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा वर्ज्य असतो. म्हणून नागमोडी जावे लागते. सुकाणूवरचा माणूस इशारा देतो आणि दांडी पलीकडे ढकलतो. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्यासमोर येते, शीड क्षणभर फडफडते, माणसे डोके वाकवून दुसऱ्या कडेला जाऊन बसतात, शीड पलीकडे भरते आणि होडी नव्या बाजूला कलते. पाच-सात सेकंदांचे हे काम मनासारखे जमायला एक हंगाम जातो.

मुंबई बंदरात मोठ्या जहाजांची वर्दळ असते, त्यामुळे वाटेचे नियम पाळावेच लागतात. शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या, तर जिच्या डाव्या बाजूने वारा येतो तिने वाट द्यायची. इंजिनाच्या बोटीने शिडाला वाट द्यायची, हा सर्वसाधारण नियम; पण अरुंद खोल मार्गातून जाणाऱ्या मालवाहू जहाजाच्या आड मात्र शिडाने येऊ नये. ते जहाज चटकन थांबू शकत नाही.

या छंदाला इथे मोठा इतिहास आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. इंग्रज अधिकाऱ्यांची ही करमणूक पुढे भारतीयांनी आपलीशी केली आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. पण मुंबईचा सर्वांत अभिमानाचा भाग लाकडाचा आहे. एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा पहिल्यांदा झाली ती १९६८-६९ साली. ती करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडचे. त्यांची ३२ फुटांची सागवानी होडी ‘सुहैली’ मात्र मुंबईत, इथल्या सुतारांच्या हातून घडली होती. याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे शिकायला गेले.

भारतीयांची पहिली जगप्रदक्षिणा लष्कराच्या अभियंत्यांनी ‘तृष्णा’ या होडीतून १९८५ ते १९८७ या काळात केली. एकट्याने ती करणारे पहिले भारतीय दोंदे. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली आणि १९ ऑगस्ट २००९ रोजी ती मुंबईहून निघाली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन असे चार मुक्काम करून दोंदे मे २०१० मध्ये परतले. अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून २०१२-१३ साली मुक्काम न करता ही फेरी पूर्ण केली. ‘म्हादेई’ हे मांडवी नदीचेच नाव. तिच्यासारखीच बांधलेली ‘तारिणी’ ओडिशातल्या तारातारिणी देवीच्या नावाची, आणि संस्कृतात तारिणी म्हणजे तारणारी तशीच होडीही. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून प्रदक्षिणा केली. तिन्ही सैन्यदलांतल्या दहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन ‘त्रिवेणी’ ही होडी ११ सप्टेंबर २०२५ रोजी गेटवेवरून अशाच प्रदक्षिणेला निघाली.

या माणसांपैकी अनेकांना सैन्यदलांनी होडीवर बसवले, हे लक्षात घ्यायला हवे. ७२० किलोमीटरचा किनारा वर्षानुवर्षे पुस्तकात मोजणाऱ्या महाराष्ट्रात सामान्य घरच्या मुलाला शीड हातात घेण्याच्या जागा फारच थोड्या आहेत, आणि ही उणीव भरून काढण्यासारखी आहे. समुद्र जवळ नसणे ही मोठी अडचण नाही. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी शिकतात. सोलापूर-हैदराबाद महामार्ग तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गावरून जातो. त्याच्या पलीकडच्या टोकाला हैदराबादच्या हुसेनसागरात शिडांच्या राष्ट्रीय शर्यती होतात. तुळजापूरहून ते पाणी मुंबईपेक्षा जवळ आहे.

मुलांची सुरुवात ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीवर होते. १९४७ साली अमेरिकेत आखलेली ही होडी २.३ मीटर लांब, सुमारे ३५ किलो वजनाची आणि पुढून बोथट, परातीसारखी. एक शीड, एक सुकाणू, मधली फळी आणि पंधरा वर्षांपर्यंतचे एक मूल, एवढाच पसारा. पोहणे आणि जीवरक्षक जाकीट या अटी पहिल्या. मग मुलाला होडी मुद्दाम उलटी करायला लावतात. डोके वर काढायचे, होडी सोडायची नाही, वळसा घालून वर आलेल्या मधल्या फळीवर पाय रोवायचे, कडेला धरून मागे झुकायचे. शीड पाण्यातून सुटले की होडी सुळकन सरळ होते. आत चढायचे, दोरीला बांधलेल्या डब्याने पाणी उपसायचे आणि वारा कुठून येतोय ते पुन्हा पाहायचे.