दत्तक कुत्रा आणि दयेचा हिशेब

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की शनिवारी सकाळपासून लोणावळ्याकडे वाहनांची रीघ लागते. भुशी धरणाच्या पायऱ्या माणसांनी फुलून जातात आणि रविवारी रात्री ही सारी गर्दी मुंबई-पुण्याकडे परतते. मागे उरतात कुलूपबंद बंगले, त्यांचे राखणदार आणि कित्येकदा राखणदाराच्या हवाली केलेला एखादा तरणा कुत्रा. दोन दिवस मुलांबरोबर हुंदडलेला हा जीव उरलेले पाच दिवस साखळीला बांधलेला असतो. आश्रयगृहातून अनाथ कुत्रा दत्तक घेणे हे सत्कृत्य खरेच. परंतु त्या सत्कृत्याची परीक्षा शनिवार-रविवारी होत नाही, ती या पाच दिवसांत होते.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. इ. स. १८३२ मध्ये मुंबई सरकारने बेवारशी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाजाने शहरात दंगा केला होता. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश निवारण संस्था उभी राहिली आणि परळचे बैलघोडा रुग्णालय तिच्याच कार्याचा भाग बनले. स्वातंत्र्यानंतर १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख भरली. त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास कुत्री महाराष्ट्रातील होती.

ही सर्व कुत्री आश्रयगृहात ठेवणे कोणत्याही नगरपरिषदेच्या ताकदीबाहेरचे आहे. म्हणूनच २००१ चे आणि त्यानंतर २०२३ चे नियम निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्यावर भर देतात. साहजिकच आश्रयगृहात दीर्घकाळ राहतात ती प्रामुख्याने वेगळ्या वर्गातील कुत्री : अपघातात सापडलेली, आईवेगळी होऊन माणसाच्या हातावर वाढलेली आणि हौस फिटल्यावर मालकांनी टाकून दिलेली. पुण्यात २००७ मध्ये स्थापन झालेल्या 'रेस्क्यू'सारख्या संस्था अशा प्राण्यांवर उपचार करतात आणि त्यांच्यासाठी घरेही शोधतात.

या घरशोधणीत एक विचित्र विषमता दिसते. दोन महिन्यांचे गोजिरवाणे पिल्लू चटकन उचलले जाते. म्हाताऱ्या कुत्र्याची एखाद्याला कणव येते. मागे राहतो तो आठ महिने ते दोन वर्षे वयाचा, धडधाकट आणि अंगात वारे भरल्यासारखा उड्या मारणारा कुत्रा. पाहुणे आले की तो जाळीवर झेपावतो, भुंकतो, पायजमा ओढतो. पाहणारा म्हणतो, 'फारच द्वाड दिसतो', आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो. जो पिंजऱ्यात अधिक काळ राहतो तो अधिक अस्वस्थ होतो आणि जो अधिक अस्वस्थ होतो तो अधिक काळ पिंजऱ्यातच राहतो. दारिद्र्याच्या दुष्टचक्राविषयी अर्थशास्त्र जे सांगते, त्याचीच ही छोटी प्रतिकृती होय.

वस्तुतः हा द्वाडपणा म्हणजे त्या प्राण्याचा स्वभाव नव्हे. तो बहुतांशी कोंडून पडलेल्या शक्तीचा आविष्कार असतो. मावळातल्या शेतकऱ्याच्या घरी हाच कुत्रा दिवसभर गुरांमागे हिंडला असता आणि रात्री भाताच्या खाचरावर आलेल्या रानडुकरांवर भुंकला असता. तेथे त्याला कोणी द्वाड म्हटले नसते, कामाचा म्हटले असते. गुण तोच, काम मिळाले तर तो भूषण ठरतो आणि काम काढून घेतले तर दूषण. बेकार तरुणांविषयी समाज जी भाषा वापरतो ती आठवून पाहिली, तर हे साम्य ध्यानात येईल.

तेव्हा असा कुत्रा घरी आणू इच्छिणाऱ्याने प्रथम हिशेब मांडावा तो पैशांचा नव्हे, वेळेचा. दत्तक कुत्र्याला किंमत पडत नाही, म्हणून तो स्वस्त आहे असा समज होतो. परंतु किंमत आणि खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरण्या कुत्र्याला रोज निदान दोन तास फिरणे, खेळणे व शिकवणे यांसाठी द्यावे लागतात असे धरले आणि त्याचे उरलेले आयुष्य बारा वर्षांचे मानले, तर हा आकडा ८,७६० तासांवर जातो. म्हणजे रात्रंदिवस मोजलेले एक अख्खे वर्ष! रेबीजची वार्षिक लस, अन्न आणि औषधपाणी हे त्याशिवाय. पुण्याची सकाळची लोकल गाठणाऱ्या कामशेत-वडगावच्या कारकुनाने हे दोन तास कोठून काढायचे, हे कुत्रा आणण्यापूर्वी ठरवावे, नंतर नव्हे.

हा खर्च ज्याने करायचा तो करीत नाही, तेव्हा तो नाहीसा होत नाही. दुसऱ्याच्या माथी बसतो. बंगल्याच्या आवारात बांधलेल्या कुत्र्याचा पहिला बोजा तुटपुंज्या पगाराच्या राखणदारावर पडतो. कुत्रा मोकाट सुटला तर तो गावावर पडतो : कुणाची कोंबडी जाते, कुणाची शेळी, शाळेत जाणाऱ्या पोराला चावा बसतो आणि त्याचे आईबाप लस टोचण्यासाठी सरकारी दवाखान्याच्या खेपा घालतात. पुन्हा या डोंगराळ मुलखात बिबट्याचा वावर आहे आणि रात्री बाहेर बांधलेला कुत्रा हे त्याला आयते भक्ष्य ठरते. दया एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

दिल्लीतील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात कुत्री दत्तक घेण्यास वाव ठेवला. मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारीही घेणाऱ्यावर टाकली. दत्तकविधान म्हणजे करार असतो, हेच तत्त्व त्यामागे आहे. करार पाळला जायचा तर दोन्ही बाजूंनी सावधपणा हवा. संस्थांनी कुत्रा देताना घरी दिवसभर कोण असते हे विचारावे, शक्य तेथे काही आठवडे कुत्रा तात्पुरता राहू द्यावा आणि न जमल्यास तो निमूटपणे परत घ्यावा. घेणाऱ्याने पिंजऱ्यातील पहिल्या पाच मिनिटांवरून मत बनवू नये. कुत्र्याला पट्ट्यावर घेऊन बाहेर फिरवावे आणि दमल्यावर तो कसा वागतो ते पाहावे. घरी आणल्यावर पहिले काही दिवस शांततेचे असावेत. पाहुण्यांची वर्दळ नको, शिक्षेचा बडगा नको. खाण्याची, फिरण्याची आणि झोपेची वेळ मात्र ठरलेली असावी. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी सहा-सात वर्षांचा शांत कुत्रा घ्यावा. केवळ आठवड्याच्या अखेरीस येणाऱ्यांनी तर कुत्रा घेऊच नये. त्याऐवजी निर्बीजीकरणाच्या कामाला वर्गणी द्यावी. त्यात कमीपणा नाही.

उलट ज्या घरात वाढती मुले आहेत, पहाटे टेकडीवर जाणारे एखादे निवृत्त शिक्षक आहेत, दारात थोडे अंगण आहे, त्यांनी त्या जाळीवर झेपावणाऱ्या कुत्र्यासमोर थोडा वेळ थांबावे. तो ज्याची वाट पाहत असतो ते बहुधा त्याच घरात असते.

कुत्र्याने पळविलेली भाकरी कोरडी आहे म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या धावण्याचे आपण कौतुक करतो. दत्तक कुत्रा आपल्याकडून त्याहून साधी, पण त्याहून कठीण गोष्ट मागतो : रोज सकाळी, पाऊस असो वा थंडी, पट्टा हातात घेऊन दाराबाहेर पडणे. ते बारा वर्षे जमणार असेल, तरच दत्तकपत्रावर सही करावी.