हाडाची भेग आणि कागदावरील नोंद

ज्या गोष्टीला नेमकें नांव मिळालें नाहीं, तिचा नेमका विचारही होत नाहीं, हें व्याकरण शिकवितांना मी मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों. तोच नियम रोग्याच्या कागदालाही लागू आहे, हें मात्र मला साठी उलटल्यावर, आणि तेंही घरांतल्याच एका मुलाचें वर्ष वायां गेल्यावर कळलें.

आमचें अल्लीपूर हें वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट तालुक्याचें गांव. कापसाच्या या मुलखांत हल्लीं पहाटे रस्त्यावर निघालें, तर धांवण्याचा सराव करणारीं मुलेंमुली दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चांचणींत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. त्याची ही तयारी. माझ्या पुतण्याचा मुलगाही त्यांत होता. चांचणीची तारीख जवळ येतांच त्यानें रोजची धांव एकदम दुप्पट केली आणि पंधरवड्यांतच त्याचें डावें पाऊल दुखूं लागलें. तो पडला नव्हता, ठेंच लागली नव्हती, पायावर कांहीं आदळलेंही नव्हतें. घरच्या बायकांनीं हळदीचा लेप लावला. मीं, "तरुण वय आहे, बसेल दुखणें," असें म्हणून विषय मिटविला.

पुढें एका दवाखान्यांत एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. कागदावर 'पाय दुखणें' एवढे दोनच शब्द उतरले. कोणता पाय, कोणत्या जागीं, किती दिवसांपासून, कशामुळें, यांपैकीं कांहींही नाहीं. हाड शाबूत आहे असें समजून तो चार दिवसांनीं पुन्हा धांवूं लागला. तीन आठवड्यांनीं दुसऱ्या गांवच्या डॉक्टरांनीं पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हां अंगठ्याशेजारच्या बोटामागील लांब हाडाभोंवतीं नव्या अस्थीचा थर दिसला. हाडाला भेग होती. ती भरूं पाहत होती आणि आमचा मुलगा रोज पहाटे ती नव्यानें उकलीत होता! डॉक्टरांनीं तुलनेसाठीं पहिला एक्स-रे मागितला. तो कोठें ठेवला, हें मला आठवेना. जन्मभर मुलांना वहीच्या समासांत तारीख घालावयास लावणाऱ्या मास्तराची ही गत!

या विकारास 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. हाड हें दगडासारखें निर्जीव नव्हे. त्यांत जुना भाग झिजविण्याचें व नवा भरण्याचें काम सतत चालू असतें. भार एकाएकीं वाढला, कीं झीज पुढें जाते, भरणी मागें राहते आणि सूक्ष्म चिरा पडतात. आरंभींचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेंत पुष्कळदां कांहींच दिसत नाहीं, एम.आर.आय. तपासणींत तें लवकर कळतें. इ. स. १८५५ मध्यें ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्यानें कवाइती सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचें वर्णन केलें. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्यें लागल्यावर १८९७ सालीं त्या दुखण्याच्या मुळाशीं हाडाची भेग आहे, हें दिसून आलें. म्हणूनच यास 'मार्च फ्रॅक्चर' असेंही नांव आहे.

आपल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत भग्नाचें स्वतंत्र प्रकरण आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथें नांवानिशीं सांगितले असून, पडणें, दाबलें जाणें, प्रहार, हिसका, श्वापदाचा चावा इत्यादि कारणेंही दिलीं आहेत. कारण व प्रकार वेगळे लिहून ठेवल्यावांचून चिकित्सा ठरत नाहीं, ही दृष्टि त्यांत स्पष्ट आहे.

आधुनिक जगानें तेंच काम अंकांनीं केलें. बर्तिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें १८९३ मध्यें मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली व तींत मृत्यूबरोबर आजारांचीही गणना होऊं लागली. अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तरी दहावीचे संकेतांक अद्याप पुष्कळ ठिकाणीं चालतात. या दहाव्या आवृत्तींत आघातानें मोडलेल्या पावलाचा वर्ग एस ९२, ताणानें पडलेल्या भेगेचा एम ८४.३, आणि ठिसूळ झालेलें हाड मोडल्यास एम ८०. भेग दिसावयास एकच. पण धांवणाऱ्या नातवास विश्रांति हवी, तर ठिसूळ हाडांच्या आजीस विश्रांतीबरोबर हाडांच्या दुबळेपणावरही औषध हवें.

अमेरिकेंत २०१५ च्या ऑक्टोबरपासून याचाच अधिक विस्तृत अवतार वापरतात. तेथें एम ८४.३७४ म्हणजे उजवें पाऊल, ३७५ म्हणजे डावें, आणि ३७६ म्हणजे 'कोणतें तें लिहिलेलें नाहीं'. शेवटीं एक अक्षर जोडतात: 'ए' म्हणजे उपचार चालू, 'डी' म्हणजे भेग यथाक्रम भरत आहे, 'जी' म्हणजे उशिरां भरत आहे, 'के' म्हणजे जुळली नाहीं, 'पी' म्हणजे वांकडी जुळली, 'एस' म्हणजे मागाहून उरलेला परिणाम. जागतिक संघटनेच्या मूळ एम ८४.३ या अंकांत मात्र डावेंउजवें नाहीं. तें शब्दांनींच लिहावें लागतें. आणि संकेतांक लावणारा कारकून रोग्याला पाहत नाहीं, तो कागद पाहतो! कागदावर 'पाय दुखणें' असेल, तर पुढील डॉक्टरांस, विम्याच्या कचेरीस व सरकारच्या गणनेस तो पाय नुसता दुखतच राहतो.

म्हणून माझी गृहस्थांस व गृहिणींस विनंती आहे, कीं दवाखान्यांतून निघण्यापूर्वीं कागद एकवार वाचावा. पाऊल डावें कीं उजवें, हाड कोणतें, दुखणें केव्हां व कोणत्या श्रमानें सुरू झालें, भेट पहिली कीं पुढची, भेग भरत आहे कीं नाहीं, आणि निदान निश्चित कीं केवळ संशय, एवढें त्यावर असावें. नसल्यास नम्रपणें विचारावें. डॉक्टर गर्दींत असतात, वैरी नसतात. पण विचारलें तर सांगण्यासारखें आपल्यापाशीं हवें. "रोजची धांव मीं दुप्पट केली," हें वाक्य आमच्यापैकीं कोणीही पहिल्या डॉक्टरांस सांगितलें नव्हतें.

आमच्या मुलाचें पाऊल दोन महिन्यांच्या विश्रांतीनें बरें झालें. त्या सालची भरती मात्र हुकली. आतां तो धांव थोडी थोडी वाढवितो. त्याच्या आजीनें देवघराशेजारच्या फडताळांत घरांतील प्रत्येक माणसाच्या नांवाची एकेक पिशवी ठेविली आहे. एक्स-रे, कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, सर्व तारीखवार. तारखा घालण्याचें काम तिनें माझ्याकडे दिलें आहे, आणि तें मी चुकवीत नाहीं.